शेजारी कोण बसलंय?

आवडता सिनेमा कोणता, असं विचारलं की माणूस एक नाव सांगतो आणि लगेच भलतंच सांगू लागतो. कुणाबरोबर गेलो होतो, कोणत्या टॉकीजला, तिकीट कसं मिळालं, घरी काय सांगून निघालो होतो. गोष्ट कशी होती, हे त्यानंतर कधीतरी येतं. काही वेळा येतही नाही.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘आवड’ हा विषय कळवला, तेव्हा मला हीच उत्तरं आठवली. पौराणिक, तमाशापट, कौटुंबिक, विनोदी, भयपट अशी कप्प्यांची यादी करून प्रत्येकाला आपापल्या कप्प्यात बसवणं सोपं होतं. पण माणसं त्या कप्प्यांत बसतात का, हे बघायचं होतं. म्हणून समीक्षकांकडे न जाता दुसऱ्यांच्या आवडीवर ज्यांचं पोट चालतं अशा माणसांकडे गेले. जत्रेत तंबू लावणारा टुरिंग टॉकीजवाला, तालुक्याच्या गावातल्या थिएटरचा निवृत्त मॅनेजर, डोंबिवलीतल्या वाचनालयाच्या काउंटरवर बसणाऱ्या बाई, आणि साखर कारखान्याच्या फाट्यावरचा मोबाइल दुकानदार. यांतल्या कुणीही सिनेमावर ओळ लिहिलेली नाही. पण उद्या लोक काय बघणार, याचा अंदाज चुकला तर नुकसान यांचंच होतं. त्यामुळे यांचं म्हणणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

पहिला खेळ देवाचा

माणदेशातली जत्रा. मार्गशीर्षातली थंडी, बैलबाजाराची धूळ, भज्यांच्या घाण्याचा वास. पाळण्यांच्या पलीकडे उघड्या माळावर तंबू उभा होता. तंबूच्या मागच्या अंगाला ट्रक लावलेला. प्रोजेक्टर त्या ट्रकातच असतो, उतरवत नाहीत. ट्रकाच्या हौद्यातून निघालेला उजेड बसलेल्यांच्या डोक्यांवरून समोरच्या पांढऱ्या पडद्यावर पडतो. आत खुर्च्या नाहीत. जमिनीवर बसायचं, ज्याने त्याने आपलं पोतं किंवा घोंगडी अंथरायची. कोणी फर्मान काढलेलं नाही, पण बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला आपोआप सरकतात.

दाराशी माइक धरून एक पोरगा ओरडत होता. सिनेमाचं नाव तो शेवटी घेत होता. आधी सांगत होता, ‘आईला घेऊन या, आजीला घेऊन या, लेकराबाळांसकट या.’ दोन तासांनी त्याच माइकवर त्याच पोराचं बोलणं बदललं. आता तो ‘या दोस्तांनो’ म्हणत होता. मध्यरात्र उलटल्यावर ‘जिगर असंल त्यानंच या’ सुरू झालं.

मालक साठीच्या पुढचे. त्यांचे वडीलही याच धंद्यात होते. रात्रभराच्या खेळांचा क्रम कसा लावता, असं विचारल्यावर ते म्हणाले, ‘ताई, पयला खेळ देवाचा. नारळ फोडायचा, पडद्याला हळदकुंकू लावायचं, आन् देवाचा सिनेमा सोडायचा. पन्नास माणूस असलं तरी चालतंय.’ हा नुसता रिवाज नव्हे. देवदर्शन करून आलेली म्हातारी माणसं संध्याकाळीच मोकळी असतात आणि त्यांना अंधार पडायच्या आत टेकायला जागा हवी असते. त्यानंतरचा खेळ बिऱ्हाडं घेऊन आलेल्यांचा, त्याला घरगुती मराठी सिनेमा लागतो. नवाच्या पुढे दादा कोंडके किंवा लक्ष्मीकांत बेर्डे. बाराच्या पुढे दक्षिणेतून डब होऊन आलेली मारामारी. आणि शेवटचा, पहाटेच्या अंगाचा, भुताचा.

भुताचा खेळ शेवटी का, याचं उत्तर मला तंबूत बसल्यावर मिळालं. जत्रेला आलेल्यांपैकी पुष्कळांना रात्री निजायला ठिकाण नसतं. माळावर थंडी मरणाची. तंबूत चार कनाती आहेत आणि शे-दोनशे अंगांची ऊब आहे. तिकीट काढून माणसं झोपायला येतात. गाढ झोप लागून चालत नाही, कारण उशाला पैसे असतात, बाहेर जनावरं बांधलेली असतात. अशा अर्ध्या झोपेला किंचाळ्यांचा सिनेमा बरा पडतो. पडद्यावर दार करकरलं की घोंगडीतून दहावीस डोकी वर येतात, काय झालं ते बघतात, पुन्हा आत जातात.

आटपाडीकडून बैल विकायला आलेला चाळिशीतला एक माणूस मला त्या रात्री वेगवेगळ्या खेळांना दिसला. देवाच्या सिनेमाला आईच्या बाजूला उभा, कोंडक्यांच्या सिनेमाला मित्रांत, आणि भुताच्या वेळी एकटाच, मफलर डोक्याला गुंडाळून. यातला आवडीचा कोणता, असं विचारलं.

‘आईसंगं बसल्यावर देवाचाच आवडतोय की,’ तो म्हणाला.

तो विचारात पडला नाही. मला मात्र रात्रभर त्या वाक्यावरून पुढे जाता आलं नाही. त्याने टाळाटाळ केली असं मला अजिबात वाटत नाही. त्याने प्रश्नाचं सगळ्यांत अचूक उत्तर दिलं.

देवाच्या सिनेमापासून सुरुवात करायची ही रीत आपल्या सिनेमाइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. १९१७च्या ‘लंका दहन’ला तर लोकांनी अशी झुंबड केली की गल्ल्यावरची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असं सांगतात. फाळके स्वतः यंत्र घेऊन गावोगाव फिरले. पुढे प्रभातने १९३६ साली ‘संत तुकाराम’ काढला, विष्णुपंत पागनिसांनी तुकोबा उभे केले, आणि मुंबईच्या सेंट्रलमध्ये तो वर्षाहून अधिक काळ चालला. दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्याच प्रभातने १९३७ साली ‘कुंकू’ काढला, जरठ-विवाहाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या मुलीचा. ‘तुकाराम’ बघून डोळे पुसणाऱ्या आणि ‘कुंकू’ बघून अस्वस्थ होणाऱ्या बायका वेगवेगळ्या नव्हत्या. एकाच घरातून, एकाच वर्षात त्या दोन्हींना गेल्या होत्या.

पेटी आणि किल्ली

मालकांच्या ट्रकात जुना प्रोजेक्टर अजून आहे. चालत नाही, पण विकलाही नाही. त्यांच्या ऑपरेटरने मला तो उघडून दाखवला. आतली कार्बनची कांडी जळायची त्या जागी काजळीचा थर तसाच होता. पस्तीस मिलिमीटरची फिल्म, सेकंदाला चोवीस चित्रं. हजार फुटांचं रीळ जेमतेम अकरा मिनिटं चालायचं. अडीच तासांच्या सिनेमाची रिळं पत्र्याच्या पेटीत भरून यायची, आणि धंद्यातली माणसं सिनेमालाही ‘पेटी’च म्हणायची. कोणती पेटी आणलीय, किती पेट्या आहेत.

पेटी होती तोवर लोकांच्या मागणीला जागा होती, असं ऑपरेटरचं म्हणणं. जत्रेला निघताना मालक वितरकाकडून काही पेट्या भाड्याने आणायचा. त्यांतली एखादी नवी, बाकी जुन्या, घासलेल्या. माळावर आल्यावर गर्दी बघून ठरायचं. बायाबापड्या जास्त दिसल्या की घरगुती पेटी वर काढायची. तालमीतली पोरं आली की मारामारीची. मध्येच लोक ओरडले तर पुढच्या खेळाला पेटी बदलता यायची. रात्र थोडी आणि खेळ जास्त असले तर एखादं रीळ गाळलंही जायचं. कोणतं गाळायचं हे ऑपरेटरला पाठ असे. ‘बायकांच्या खेळाला रडायचं रीळ गाळलं तर मार खाशील, आणि पोरांच्या खेळाला गाणं ठेवलंस तर शिट्ट्या,’ असं त्याच्या उस्तादाने त्याला शिकवलं होतं. म्हणजे एकाच सिनेमाचे संध्याकाळी आणि मध्यरात्री दोन वेगळे सिनेमे होत होते. दिग्दर्शकावर हा अन्यायच. तरीही कोणत्या माणसांना कोणत्या वेळी काय हवं असतं, याचं इतकं बारीक ज्ञान दुसरीकडे कुठे जमा झालं असेल असं मला वाटत नाही.

मग डिजिटल आलं. आता पेटी नाही. सिनेमा साठवून ठेवलेला असतो आणि तो उघडायला परवान्याची किल्ली लागते. कोणता सिनेमा, कोणत्या दिवशी, किती खेळ, हे आधी नोंदवावं लागतं. चित्र स्वच्छ झालं, रीळ तुटायचं थांबलं, ट्रकातलं ओझं गेलं. पण माळावरची गर्दी बघून मनात आलं म्हणून सिनेमा बदलायची सोय उरली नाही. रिळांचा काळ संपून हा बदल होत असतानाची टुरिंग टॉकीजवाल्यांची ओढाताण शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात टिपली. २०१६ साली तो कान महोत्सवात दाखवला गेला. वाचकांनी तो जरूर मिळवून बघावा.

बाराचा शो

तालुक्याच्या गावातलं ते थिएटर आता मंगल कार्यालय झालं आहे. मॅनेजर निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली असतील, पण ते अजून रोज तिथल्या चहाच्या टपरीवर येतात. त्यांच्यासमोर मी ‘रडका सिनेमा’ असा शब्द वापरला. त्यांनी मला थांबवलं.

‘रडका म्हणू नका बाई. त्याच्यावर दोन ऑपरेटर, चार डोअरकीपर आणि माझं घर चाललंय.’

दुपारी बाराचा शो हा बायकांचा. तो बारालाच का, हे त्यांनी मला फोड करून सांगितलं. सकाळचा स्वयंपाक, डबे, धुणीभांडी अकरापर्यंत उरकतात. नळाला पाणी सकाळी आणि संध्याकाळी. पोरं पाचला शाळेतून येतात. पुरुष शेतावर नाहीतर दुकानात. बारा ते तीन हा काळ कुणाच्या मालकीचा नसतो, म्हणून तो बाईचा असतो. आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यातल्या बायकाही येतात, त्यामुळे त्या दिवशीचा बाराचा शो ते कधीच इंग्रजी किंवा मारामारीच्या सिनेमाला देत नसत. सुगी आली की पंधरा दिवस बाराचा शो ओस. ही सगळी गणितं त्यांच्या डोक्यात होती.

१९९१ साली ‘माहेरची साडी’ आला. विजय कोंडके दिग्दर्शक, अलका कुबल नायिका, मूळ राजस्थानी सिनेमावरून बेतलेली गोष्ट. मॅनेजर सांगतात, पहिल्या आठवड्यात निम्म्या खुर्च्या भरल्या. दुसऱ्या आठवड्यापासून बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या थिएटरसमोर उभ्या राहू लागल्या. बायका एकेकट्या येत नव्हत्या. जावा-जावा, नणंद-भावजय, शेजारणी, कुठे सासू-सून जोडीने. तीन तासांत आतून जो हुंदक्यांचा आवाज यायचा तो त्यांना बाहेर ऑफिसात ऐकू यायचा. आणि बाहेर पडताना त्याच बायका हसत, भजी खात, बांगड्यांच्या दुकानात शिरत.

समीक्षकांनी त्या सिनेमाला झोडपलं, अजूनही झोडपतात. नायिकेचे हाल, सोसणं, मरण यांचा भडिमार आहे हे खरंच. पण थिएटरातल्या त्या अंधाराचा विचार करावा असं मला कळकळीने वाटतं. ज्या घरात सुनेने डोळ्याला पदर लावला तरी ‘काय झालं रडायला?’ असा सवाल यायचा, त्या घरातल्या सुनेला रडायचं कारण न सांगता पोटभर रडता येईल अशी गावात दुसरी जागा कुठे होती? शेजारी जाऊ रडत असली की दोघींना एकमेकींशी काही बोलावंही लागत नाही. पडद्यावरची गोष्ट बेतास बात असली तरी त्या तीन तासांची किंमत कमी होत नाही.

ह्याच मॅनेजरने १९७५ सालही पाहिलेलं. तेव्हा ते डोअरकीपर होते. त्या वर्षी ‘शोले’ आला आणि ‘जय संतोषी माँ’ही. दुसऱ्या सिनेमाला बायका चपला काढून आत जायच्या, पडद्यासमोर आरत्या व्हायच्या, हे देशभर झालं तसं त्यांच्या थिएटरातही झालं. त्यांचं निरीक्षण त्यापुढचं आहे. शुक्रवारी उपवास धरून बाराच्या शोला संतोषीमातेला आलेली बाई रविवारी रात्री नवऱ्याबरोबर ‘शोले’ला आलेली त्यांनी ओळखली. ‘तिकडं हात जोडलेले, इकडं गब्बर आला की पदर तोंडात. दोन्हीकडं तीच,’ ते म्हणाले.

२०२३मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला मल्टिप्लेक्समध्ये नऊवारी नेसून, गॉगल लावून आलेले बायकांचे घोळके मी स्वतः पाहिले. भिशीचे गट, सोसायटीच्या मैत्रिणी, बहिणी-बहिणी. केदार शिंदेंच्या या सिनेमात मंगळागौरीच्या निमित्ताने सहा बहिणी एकत्र येतात. रडण्याबरोबर हसणं आलं, बैलगाडीच्या जागी रिक्षा आल्या, तिकीट दहापट महागलं. पण घोळक्यानेच यायचं, हे काही सुटलं नाही.

विजयानंदमधले १३१ आठवडे

सोबतीवरून आवड ठरते, याचा सगळ्यांत मोठा पुरावा मला तमाशापटांत दिसतो.

अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली आला. पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची, गाणी गदिमांची, संगीत वसंत पवारांचं, पडद्यावर हंसा वाडकर आणि जयश्री गडकर. पुण्याच्या विजयानंदमध्ये तो १३१ आठवडे चालला. अडीच वर्षं! आता या पुण्याचा विचार करा. त्याच पुण्यात आर्यभूषण थिएटरात खरा तमाशा होत होता, ढोलकी-तुणतुण्यासह, थोडे पैसे टाकून बघता येण्यासारखा. तिथे सदाशिव पेठेतली, नारायण पेठेतली बाई जाणं कल्पनेपलीकडचं. तिचा नवरा गेला तरी घरी सांगणार नाही. सिनेमाच्या थिएटरात मात्र ती नवऱ्याशेजारी बसून लावणी ऐकू शकत होती, पायातल्या चाळांवर ताल धरू शकत होती. नाचणारी बाई पडद्यावर होती, समोरच्या फडावर नव्हती, एवढ्या अंतराने सगळं शक्य झालं. लावणीची आवड त्या घरांमध्ये आधीपासून असणारच. दोघांनी शेजारी बसून ती कबूल करायची सोय नव्हती, ती मिळाली. त्यानंतर ‘सवाल माझा ऐका’, ‘केला इशारा जाता जाता’ अशी रांगच लागली आणि १९७२च्या ‘पिंजरा’पर्यंत हा प्रवाह आटला नाही.

तमाशा कलावंतांना यातून काय मिळालं, हा प्रश्न मात्र टोचतो. पडद्यावरची लावणी घराघरांत मान पावली, पण फडावरच्या बाईला तो मान त्याच घरांनी दिला नाही.

दादा कोंडक्यांची गोष्ट याच्या उलट दिशेने बघावी. १९७१च्या ‘सोंगाड्या’पासून त्यांच्या नऊ सिनेमांनी ओळीने रौप्यमहोत्सव केला आणि गिनीज बुकात नोंद झाली. पंचवीस-पंचवीस आठवडे गर्दी करणारे हे लाखो लोक कोण? आमच्या लहानपणी ओळखीतलं कुणीही कोंडक्यांचा सिनेमा पाहिल्याचं सासऱ्यासमोर, मास्तरांसमोर कबूल करत नसे. सगळे मित्रांबरोबर गेलेले. द्वयर्थी संवादाला हसताना शेजारी कोण आहे, हे महत्त्वाचं होतं. बरोबरचा असेल तर हसू दुप्पट, वडीलधारं असेल तर घशातच अडकायचं.

रजिस्टरमधल्या नोंदी

छापील गोष्टींना असा शेजार नसतो, वाचणारा एकटाच असतो, मग तिथे तरी खरी आवड सापडेल असं वाटून मी डोंबिवलीतल्या एका वाचनालयात गेले.

दिवाळी अंकांची योजना तिथे अजून जोरात आहे. ठरावीक रक्कम भरली की दिवाळीपासून पुढचे काही महिने येतील तेवढे अंक आळीपाळीने वाचायचे. १९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, आणि पुढे या अंकांनीही आपापली घरं वाटून घेतली. विनोदाला ‘आवाज’ आणि ‘जत्रा’, रहस्य-भयाला ‘धनंजय’ आणि ‘नवल’, भविष्याला वेगळे, पाककृतींना वेगळे. काउंटरवरच्या बाई तीसेक वर्षं तिथे आहेत. कोणत्या सभासदाला काय लागतं, हे त्यांना रजिस्टर न उघडता ठाऊक असतं.

त्यांनी नावं झाकून मला काही पानं दाखवली. एका पानावर एकाच सभासदाच्या नोंदी होत्या: ज्ञानेश्वरीवरचं निरूपण, नारायण धारप, पुन्हा धारप, बालकथा, मग एकदम लग्नाच्या जेवणावळीच्या पाककृती, पुन्हा धारप. ‘हे एक माणूस नाहीये,’ बाई म्हणाल्या. ‘कार्ड आजोबांच्या नावावर आहे. निरूपण आजोबांचं, बालकथा नातवाला, पाककृती सूनबाईंच्या.’ आणि धारप? ‘ते आजींचे. अंगावर पांघरूण घेऊन वाचते म्हणाल्या. घरात आवडत नाही कुणाला, म्हणून आजोबाच नेतात पिशवीतून.’

म्हणजे एकट्याने वाचायची गोष्टही एका माणसाच्या हातून दुसऱ्याकडे, पिशवीतून जात होती. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय ही त्यांची माणसं एकेकाळी घरोघर माहीत होती, पण कपाटात ती पुस्तकं क्वचितच दिसत. पाठ्यपुस्तकात दडवून, उशीखाली ठेवून, मित्राकडून घेऊन मित्राला देऊन ती वाचली गेली. धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांना त्या मानाने प्रतिष्ठा मिळाली. ‘तुंबाड’ या सिनेमाच्या मुळाशी धारपांच्या कथेचा धागा आहे. २०१८मध्ये तो आला तेव्हा थोड्यांनीच पाहिला. २०२४मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. मधल्या सहा वर्षांत ज्यांनी तो घरी एकट्याने मोबाइलवर पाहिला होता, तेच आता मित्रांना घेऊन थिएटरात आले. एकट्याने घाबरून झालं होतं, आता चारजणांत घाबरायचं होतं.

मोबाइलवरची अॅप्स आपल्याला सांगतात की तुम्ही अमुक पाहिलंत, तर तमुक आवडेल. डोंबिवलीच्या त्या कार्डावरून अॅपने काय ताडलं असतं? ज्ञानेश्वरी वाचणारा, भुतांत रमणारा, लाडवांचा शौकीन असा एक माणूस. काउंटरवरच्या बाईंना त्याच नोंदींत चार माणसं दिसतात आणि कुणाचं गुपित कुणी सांभाळायचं हेही कळतं. यंत्र उद्या शहाणं होईलही, पण आज तरी माझा विश्वास बाईंवर आहे.

कोपीतला पडदा

शेवटचा मुक्काम कारखान्याच्या फाट्यावर. गळीत हंगाम ऐन भरात होता. मोबाइलच्या दुकानात रिचार्ज, कव्हर, चार्जिंगची सोय, आणि कार्डात सिनेमे भरून देणं. हे कायद्यात बसत नाही, हे त्या तरुण दुकानदारालाही माहीत होतं, त्यामुळे आधी तो बोलायला तयार नव्हता. नंतर त्याने संगणकावरचे कप्पे दाखवले: साउथ, मराठी कॉमेडी, देवाचे, भुताचे, तमाशा, लेकरांचे. शेवटच्या कप्प्याचं नाव ‘मिक्स टोळी’.

बीडकडून ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांसाठी तो कप्पा होता. एका कोपीत एकच मोबाइल बरा चालणारा असतो. फडावर रेंज नसते, कोपीत वीज नसते, चार्जिंग दुकानातून करून आणायचं. बॅटरी संपेपर्यंत जेवढं बघून होईल तेवढं. म्हणून टोळीतला माणूस कार्ड भरायला आला की दुकानदार विचारतो, घरात म्हातारं आहे का, लेकरं किती, नवीन लग्न झालंय का. त्यावर काय भरायचं ते ठरतं.

संध्याकाळी त्याच्या ओळखीने एका टोळीच्या वस्तीवर गेले. पाचटाच्या कोप्या, बाहेर बैलांना टाकलेलं वाढं, चुलीवर भाकरी. पहाटे चारला उठून फडावर गेलेली माणसं. जेवणं झाल्यावर ज्वारीच्या डब्याला टेकून मोबाइल उभा केला गेला. पुढे लेकरं, मागे बाया, त्यांच्या मागे पुरुष. लेकरांचं कार्टून थोडा वेळ, ती पेंगली की बंद. मग खरा वाद. मुकादमाच्या भावाला साउथचा हवा होता. एका तरण्या सुनेला ‘सैराट’, तोही शेवट सोडून, गाण्यांपुरता. नागराज मंजुळेंच्या या सिनेमाला २०१६मध्ये गावंच्या गावं लोटली होती. तिने तो तेव्हा माहेरी, बहिणींबरोबर पाहिलेला. शेवट बघायचा नाही, हे ती ठाम सांगत होती.

कोपीच्या दाराशी बसलेल्या म्हातारीने बॅटरी किती राहिली ते विचारलं. तीस टक्के, नातवाने सांगितलं.

‘मंग साउथ पुरत न्हाई,’ ती म्हणाली. ‘गाणे लाव पोरीचे. उरलं त मला खंडोबाचं लाव. आन् ताईला इचार, तिला काय पाहायचंय.’

मी ‘सैराट’ म्हणाले. मुकादमाचा भाऊ कुरकुरत मागे सरकला, सुनेने मला शेजारी जागा करून दिली आणि नातवाने गाणं लावलं.